कमरपट्ट्याची हकीकत

श्री. जी गाईस पान्हा देते आणि लेकरास आई, त्या देवीस नमन करून लेखणी उचलिली. शके सोळाशें एकतीस, विरोधीनाम संवत्सर, ते समयीं एक राज्य होते. नाव लिहिण्याची आज्ञा नाही. राणी गजराबाईसाहेब यांस पुत्र जाहला, आणि तोफा सुटल्या, आणि साखर वाटिली. मग त्या घराण्याची चाल ऐसी की, बाळंतिणीने पाचव्या महिन्यात घराण्याचा चांदीचा कमरपट्टा बांधून गादीस मुजरा करावा. पट्टा न बसल्यास पाटराणीपद धाकट्या राणीस जावे. आणि धाकटी तो वाड्यातच होती, कंबर मुठीत मावेल ऐसी.

मग बाईसाहेबांनी डिंकाचे लाडू परत पाठविले, आणि हळिवाची खीर कुत्र्यांस घातली, आणि ताकाच्या निवळीवर राहों लागल्या. अंग भराभर उतरले आणि त्याच मानाने दूध आटले. पोर आधी रडे, मग कण्हे, मग उगेच आईचे तोंड पाहात पडे. वाडा म्हणे, किती गुणाचे लेकरू. बाईसाहेबांस त्या शांततेचे भय वाटे, तरी जीव पट्ट्यात गुंतला होता. आणि नवल ऐसे की, अंग उतरे तैसा पट्टाही आखडे. पेटीत ठेविला असता आत चांदी खुळखुळे, जैसे तान्हे पाय नाचविते.

शेवटी एके दुपारी पट्टा बसला. सासूबाई आऊसाहेब प्रसन्न जाहल्या आणि त्यातील एका कडीवरून अंगठा फिरवीत राहिल्या.

बाईसाहेबांनी पुसिले, "आऊसाहेब, हीच कडी येवढी कशाने झिजली?"

"माझ्या गेलेल्या थोरल्याच्या वाळ्याची आहे ती. हात फिरतो, झिजते."

"आणि बाकीच्या?"

"ज्या त्या राणीच्या लेकराच्या. पट्टा आपला ऐसाच वाढत आला."

"मग हे टोक रिकामे का?"

आऊसाहेब पाळण्याकडे पाहून म्हणाल्या, "असू द्या. लागेल."

तो चिरंजीवांच्या पायातील वाळे वाजले, आणि पोर तो हललेही नव्हते. बाईसाहेबांचे काळीज फाटले. पट्टा सोडूं गेल्या, सुटेना. मग लेकरू छातीशी धरून पाटावर बसल्या, आणि खीर मागविली, आणि लाडू, आणि भाकरी. घासागणीक पट्टा कातडीत रुते, तरी जेवित्या जाहल्या. अखेर पट्टा तुटला, कड्या भुईवर विखुरल्या, आणि दुधाचा थेंब आला, आणि पोराने टाहो फोडिला. आऊसाहेब गुडघ्यांवर बसून आपली कडी धुंडीत होत्या; सापडली तेव्हा त्याही रडल्या, जन्मात पहिल्यानेच.

सारांश, पाटराणीपद गेले. बाईसाहेब पोटभर जेवून पोर पाजीत राहिल्या. दूध टिकले, आणि अंग आपल्या सवडीने वर्षभरात उतरले. सोनाराने पट्टा सांधून धाकटीस दिला. आऊसाहेबांनी मात्र मूठ उघडिली नाही, सबब पट्ट्यात आता दोन जागा रिकाम्या आहेत. धाकट्या राणीसाहेब सांप्रत गरोदर आहेत. वैद्य म्हणतात, जुळे आहे.