स्वयंपाकघरातलं शिखर

रविवारी दुपारी क्विरिन टाशलर आपल्या स्वयंपाकघरात शिखराच्या पुस्तकाला इस्त्री करत उभा होता. पान, त्यावर टीपकागद, त्यावर कोमट इस्त्री, असं त्याचं शिस्तीत चाललं होतं. प्रत्येक पानातून बुरशीचा, मेंढीच्या लोकरीचा आणि जुन्या पावसाचा वास येत होता. गल्लीत धुकं इतकं दाटलं होतं, की समोरच्या बेकरीची पाटीसुद्धा दिसत नव्हती.

हे पुस्तक श्टुमर कोगल या डोंगराच्या माथ्यावरचं. क्रुसाखाली पत्र्याचा डबा, डब्यात पुस्तक, पुस्तकाला बांधलेली पेन्सिल. वर पोचलेल्यानं त्यात नाव लिहायचं, हवा कशी, दृश्य कसं, पुढे कुठे जाणार ते लिहायचं, आधीच्यांनी काय लिहिलंय ते वाचत भाकरी खायची आणि उतरायचं. ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये असं पुस्तक नसलेलं शिखर म्हणजे घंटा नसलेली गाय. पण या पुस्तकाचे आता हाल झाले होते. उंदरांनी कोपरे खाल्ले होते, आणि कुणा दीडशहाण्यानं मलपृष्ठाचा पाट करून त्यावर सॉसेज कापलं होतं.

क्विरिन हा गावच्या गिर्यारोहण मंडळाचा चिटणीस. पुस्तक खाली आणून मंडळाच्या काचेच्या कपाटात जपून ठेवावं, असा ठराव त्यानंच मांडला होता. सगळ्यांनी हात वर केले, कारण बाहेर बिअर गरम होत होती. विरोध एकटीनं केला, त्सेन्झीनं. ती डोंगराच्या खांद्यावर, झाडं संपतात तिथं, गिर्यारोहकांची खानावळ चालवते.

"वरचं पुस्तक वर राहू दे," ती म्हणाली होती. "तुझ्या कपाटापाशी जाऊन कोण वाचणार आहे?"

"अगं, इतिहास आहे तो!"

"कसला डोंबलाचा इतिहास! निम्म्या पानांवर 'भूक लागली' लिहिलंय."

"कुजून जाईल, त्सेन्झी."

"कुजू दे. आपण काय लोणच्यात राहणार आहोत?"

खरं कारण क्विरिननं ठरावात लिहिलं नव्हतं. त्याची बायको बुर्गी सहा वर्षांपूर्वी याच शिखरावर गेली, पुस्तकात नाव लिहिलं, आणि उतरताना धुक्यात घळीच्या वाटेनं घसरली ती गेलीच. क्विरिननं तिला जेवायच्या वेळेपर्यंत घरी ये म्हणून बजावलं होतं, म्हणून तिनं जवळची वाट धरली. ही गोष्ट त्याला अजून गिळता आली नव्हती. पुस्तकातली तिची ती एक ओळ वाचायला तो दरवर्षी वर जायचा आणि अक्षरावरून बोट फिरवून परत यायचा. आता गुडघे कुरकुरत होते आणि पेन्सिलीची अक्षरं फिकट होत चालली होती. ती ओळ पुसली गेली असती, तर त्याच्याकडे बुर्गीच्या हातचं म्हणावं असं काही उरलं नसतं, कारण घरात ती वाणसामानाची चिठ्ठीसुद्धा कधी लिहायची नाही. सगळं तोंडी आणि मोठ्यानं.

तर त्यानं पुस्तक आणलं. नवं मात्र वर ठेवलं नाही. नव्या पुस्तकाला आधी पाद्रीबाबांचा आशीर्वाद लागतो, आणि पाद्रीबाबा कंबर शेकायला गरम झऱ्यांच्या गावी गेले होते. त्यामुळे कोगलच्या माथ्यावर डबा रिकामा होता. तेवढ्यानं काय बिघडतंय, असं क्विरिनला वाटलं. बिघडलं ते इथंच.

इस्त्री एकाएकी गार पडली. क्विरिननं प्लग हलवून पाहिला आणि मान वर केली, तर टेबलापलीकडे एक माणूस उभा. गुडघ्यापर्यंतची चामडी विजार, खांद्यावर तागाचा दोर, भुवयांवर दहिवर. दाराला आतून कडी होती.

"बेर्ग हाइल!" माणूस म्हणाला आणि त्यानं हात पुढे केला.

हे अभिवादन फक्त शिखरावर करतात. स्वयंपाकघरात ते करणं म्हणजे मोरीत उभं राहून "पोचलो एकदाचा!" म्हणण्यासारखं आहे. तरी सवयीनं क्विरिननं हात मिळवला. हात इतका गार होता, की त्याच्या कोपरापर्यंत कळ गेली.

"आपण कोण? आत कसे आलात?"

"पुस्तक दे की रे," माणूस म्हणाला. "सही करायचीय."

क्विरिनच्या डोक्यात तिडीक गेली. त्या भागात रीत अशी, की झाडं संपली की सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, मग तो न्यायाधीश असो की गुराखी. पण खाली गावात अहो-जाहो. त्याच्यासारख्या निवृत्त पोस्टमास्तरला त्याच्याच घरात 'रे' म्हणणारा माणूस त्यानं आजवर पाहिला नव्हता. कपड्यांचं त्याला काही वाटलं नाही. रविवारी निम्मं गाव आजोबांच्या विजारी घालून हिंडतं.

"अहो, हे मंडळाचं पुस्तक आहे. सही करायची तर शिखरावर जा."

"शिखरावरच आहे की मी. जिथं पुस्तक, तिथं शिखर. आम्हाला दुसरी खूण कुठली रे?" माणसानं पेन्सिल उचलली आणि ओठ हलवत लिहिलं. किलियान ग्राउस. हवा: उकडतंय. दृश्य: भिंत आणि तवा. मग तो मागची पानं चाळत खुर्चीवर बसला. खुर्ची कुरकुरली नाही.

क्विरिननं भिंतीवरचा फोन उचलून त्सेन्झीला लावला.

"त्सेन्झी, किलियान ग्राउस नावाचा कुणी माहितीय तुला?"

पलीकडे बशी आपटल्याचा आवाज आला. "दोरवाला? माझे आजोबा गेले होते त्याला शोधायला. नुसती टोपी सापडली. का रे?"

"काही नाही. टोपी नाहीये त्याच्याकडे."

"कोणाकडे?"

पण तोवर ओसरीत बायकांचं हसू ऐकू आलं, आणि क्विरिननं फोन ठेवला. घोळदार झगे घातलेल्या दोघी बहिणी आत आल्या, अडेल आणि हेर्मिने. त्यांच्यामागे चष्म्याच्या काचा तडकलेला एक विद्यार्थी. त्याच्यामागे एक जाडजूड धर्मगुरू, झग्यावर बर्फ, आणि तो वितळत नव्हता. ओसरीतून दारापर्यंत रांग लागली होती आणि दाराबाहेर धुक्यात ती किती लांब गेली होती, ते क्विरिननं पाहिलं नाही.

सगळ्यांनी "बेर्ग हाइल" केलं. सगळ्यांशी हात मिळवता मिळवता क्विरिनची बोटं निळी पडली. पाहुणे दारात आलेत, तेव्हा काही तरी विचारायला हवं, या धसक्यात त्यानं सूप वाढलं. बशी पुढे ठेवताच सुपावर बर्फाची साय धरायची. कुणी चमचा उचलला नाही, पण अडेल प्रत्येक बशीवर वाकून वास घेत होती.

"मागच्या खेपेला इथून सगळी हिमशिखरं दिसत होती," हेर्मिने कुरकुरली. "आता काय दिसतं, तर कॅलेंडर! तेही मागच्या महिन्याचं."

"आणि चढही नाही काही," विद्यार्थी म्हणाला. "तीन पायऱ्या! याला काय शिखर म्हणायचं?"

"ज्यानं हे केलं, तो कोण गाढव?" धर्मगुरूंनी विचारलं.

"मीच," क्विरिन पुटपुटला.

"बरं झालं सांगितलंस. पान उलट. ओल्या बोटांनी नको!"

ते सही करत आणि मग वाचत. वाचायचीच त्यांना हौस. एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत, कोण येऊन गेलं, कुणी काय खाल्लं, कुणाचं कुणाशी लग्न ठरलं, ते मोठ्यानं वाचून दाखवत. गावात कुणाला मुलगी झाली हे त्यांना पुस्तकातून माहीत होतं. बेकरीवाल्याची दुसरी बायको त्यांना पसंत नव्हती.

आणि मग क्विरिनच्या लक्षात आलं. हे सगळे वर नाव लिहून खाली न पोचलेले. तो उठला, आरशात बघून भांग पाडला, बुर्गीचा फुलांचा पेला फडताळातून काढून पुसला आणि टेबलाच्या डोक्याशी ठेवला. मग दाराकडे तोंड करून बसला. येणाऱ्या प्रत्येक टोपीखाली तो डोकावून बघत होता. रांग संपत आली. शेवटी आली ती एक मेंढपाळीण, आणि तिच्यामागे नुसतं धुकं.

"बुर्गी का नाही आली?" त्यानं किलियानला विचारलं. "हिरवी टोपी. बोलणं जरा मोठ्यानं."

"जरा?" किलियान म्हणाला. "ती नाही यायची. क्रुसाला टेकून बसलीय. म्हणाली, ज्यानं पुस्तक नेलंय, त्यालाच आणू दे. मी काही त्याच्या स्वयंपाकघरात जाणार नाही, जन्मभर तिथंच होते."

हे वाक्य बुर्गीचंच होतं. त्याची नक्कल करता येणं शक्य नव्हतं.

सकाळ होताच क्विरिननं पुस्तक मेणकापडात गुंडाळून पाठीला लावलं आणि गुडघ्यांना पट्ट्या बांधून तो निघाला. पाहुणे त्याच्या मागोमाग निघाले. धुक्यात त्याला कुणी दिसत नव्हतं, पण खिळ्यांचे बूट दगडांवर वाजत होते, आणि एकही खडा खाली घरंगळत नव्हता. तो थांबला की सगळे बूट थांबत.

खानावळीच्या खिडकीतून त्सेन्झीनं डोकं बाहेर काढलं. "क्विरिन! तुझ्याबरोबर कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग इतके बूट कुणाचे वाजतायत?"

तो तसाच चढत राहिला. त्सेन्झीनं छातीवर क्रुसाची खूण केली आणि खिडकी लावून घेतली, मग पुन्हा फटीएवढी उघडली.

माथ्यावर वारा अजिबात नव्हता. क्रुसाला टेकून हिरव्या टोपीची बाई बसली होती, पाय पसरून, सहलीला आल्यासारखी.

"किती रे म्हातारा झालास," बुर्गी म्हणाली.

"जेवायला वेळेवर ये म्हटलं होतं मी," एवढंच क्विरिनच्या तोंडून बाहेर आलं आणि तो रडायला लागला. "मी म्हटलं नसतं तर..."

"तू म्हटलंस म्हणून मी कधी काही केलंय?" बुर्गी म्हणाली. "मला स्वतःला भूक लागली होती. रडू नकोस, नाक गोठेल. पुस्तक कशाला नेलंस?"

"तुझी ओळ जपायला." त्यानं पान काढून दाखवलं. "ही बघ. एवढंच आहे माझ्याकडे तुझ्या हातचं."

बुर्गीनं वाकून पाहिलं आणि ती इतकी हसली, की रांगेतले लोक जवळ सरकले. "हे? अरे, हे त्सेन्झीचं अक्षर! ती होती माझ्याबरोबर इथवर. माझी बोटं गारठली होती, पेन्सिल धरवेना. मी सांगितलं, तिनं लिहिलं. मग ती तिच्या खानावळीकडे वळली."

क्विरिन मटकन खाली बसला. "म्हणजे सहा वर्षं मी त्सेन्झीच्या अक्षरावरून बोट फिरवतोय?"

"फिरव की. बाई चांगली आहे."

मागे दोघी बहिणी फिदीफिदी हसल्या. क्विरिनचे कान लाल झाले, आणि बऱ्याच दिवसांनी त्यालाही हसू फुटलं. मग त्यानं पेन्सिल तिच्यापुढे धरली.

बुर्गीनं जीभ दातांत धरून, कागद फाटेल इतका जोर देऊन लिहिलं. अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं होतं. 'नवरा आला. उशिरा आला, पण आला. बुर्गी.' क्विरिननं ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि त्याचा हात आपोआप पानाच्या मुळाशी गेला. हळूच फाडलं असतं तर कळलंही नसतं. घडी करून छातीच्या खिशात मावलं असतं.

"फाडलंस तर बघ," बुर्गी म्हणाली.

"इथं पाऊस आहे, बुर्गी. उंदीर आहेत. घरी नेऊन मी काचेत ठेवतो."

"आणि वाचणार कोण? एकटा तू? इथं बघ जरा मागे."

त्यानं मागे पाहिलं. किलियान, बहिणी, विद्यार्थी, धर्मगुरू, सगळे माना उंच करून उभे होते. आपली पाळी कधी येते याची वाट पाहत होते.

"आम्हाला वर दुसरं काय असतं रे वाचायला?" बुर्गी म्हणाली, आणि आता तिचा आवाज मोठा नव्हता.

क्विरिननं पानावरून हात काढला. किलियाननं पुस्तक घेऊन ती ओळ सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली. मग दुसऱ्यांदा वाचली. वारा सुटला, धुकं फाटलं, आणि लांबवर हिमशिखरं उघडी पडली तेव्हा माथ्यावर क्विरिन एकटा होता. पुस्तक त्याच्या मांडीवर होतं आणि पानावर पावसाचे पहिले थेंब पडत होते. ते टिपायला त्यानं रुमाल काढला आणि परत खिशात घातला. पुस्तक डब्यात ठेवून त्यानं झाकण लावलं.

खानावळीत पोचेपर्यंत तो भिजून चिंब झाला होता. त्सेन्झीनं त्याच्यापुढे गरम सूप ठेवलं. त्यानं बशीला हात लावून बघितला. सूप गरमच राहिलं.

"ठेवलंस पुस्तक?"

"ठेवलं."

"या पावसात? अरे, डब्याच्या झाकणाला भोक आहे!"

"असू दे." त्यानं चमचा उचलला. "त्सेन्झी, तुझं अक्षर सुरेख आहे."

त्सेन्झीच्या हातातली पळी जागीच थांबली. "मी सांगणार होते तुला," ती म्हणाली. "पण तू दरवर्षी यायचास, एवढ्या मायेनं हात फिरवायचास... कोणत्या तोंडानं सांगू? तुला कुणी सांगितलं?"

"वर बोलणं झालं."

त्सेन्झीनं खिडकीकडे पाहिलं. बाहेर नुसता पाऊस होता. तिनं एप्रनच्या टोकानं डोळे पुसले, केस सारखे केले, आणि पलीकडच्या बाकावर बसत, कुणी ऐकत तर नाही ना, अशा बेतानं विचारलं,

"माझ्याबद्दल आणखी काय म्हणाली?"