विकतोय म्हणजे काहीतरी असणारच

जुनी वस्तू विकत घेताना वस्तू तपासणं हा उतावळ्या माणसांचा मार्ग आहे. विचारी माणूस विकणाऱ्याला तपासतो. वस्तूला खोटं बोलता येत नाही, त्यामुळे तिच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो. माणसाला खोटं बोलता येतं, म्हणजे तो बोलतच असणार, आणि त्याला पकडण्यात जी गंमत आहे ती कुठलीही वस्तू वापरण्यात नाही.

ह्या तत्त्वावर आमच्या घरात जुन्या वस्तूंच्या खरेदीसाठी एक समिती चालते. अध्यक्ष आमचे थोरले बंधू, म्हणजे मुलांचे मोठे काका. ते पाणीपुरवठा खात्यात पंपांच्या तपासणीवर होते. निवृत्त झाल्यापासून पंप मिळत नाहीत म्हणून मिळेल ते तपासतात. सदस्य आमची बहीण, म्हणजे मुलांची आत्या, माजी मुख्याध्यापिका. तांत्रिक सल्लागार माझे जावई. (एकदा घरातलं इंटरनेट बंद पडलं असता त्यांनी तो डबा बंद करून पुन्हा चालू केला होता. तेव्हापासून हे पद त्यांच्याकडे आहे.) कार्यवाह मी.

समितीने आजवर दोन मोटारी, एक वॉशिंग मशीन, एक व्यायामाची सायकल आणि एक भिंतभर आरसा यांचा सखोल अभ्यास केला. फसवणुकीचं प्रमाण शून्य टक्के. (खरेदीचं प्रमाणही तेवढंच आहे, पण दोन आकडे एकदम दिले की लोकांचा गोंधळ उडतो.)

अशा वातावरणात माझ्या पुतणीने जुना गेमिंग कॉम्प्युटर घ्यायचं काढलं. ती कवळ्या तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला आहे. पैसे तिचे होते, पण तो मुद्दा गौण. तिचे आईवडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ आणि वहिनी, यांनी पहिल्याच दिवशी "तिचं ती बघेल" असं अत्यंत बेजबाबदार विधान केल्यामुळे त्यांना कामकाजातून वगळण्यात आलं.

रीतीप्रमाणे प्रथम उद्देश विचारला.

"अभ्यासासाठी ना?" आत्याने तिला सोपं जावं म्हणून उत्तरच पुढे केलं.

"नाही गं आत्या. खेळायला."

आमच्या घरात आजवर एकाही माणसाने खेळायला म्हणून काही मागितलेलं नाही. सायकलसुद्धा गुडघ्यांसाठी होती.

तिचं म्हणणं असं. तिचा भाऊ, दादा, दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी परदेशी गेला. लहानपणी ही दोघं एकाच खुर्चीवर अर्धी अर्धी बसून कॉम्प्युटरवर खेळायची, भांडायची, पुन्हा खेळायची. आता फोनवर "जेवलीस का", "जेवले", "तू?", "हो" एवढ्यात संभाषण आटोपतं. दादाने तिकडे मशीन घेतलं. हिने इथे घेतलं तर दर रविवारी दोघांना एकत्र खेळता येईल. तिच्या लॅपटॉपला तो खेळ झेपत नाही. एवढं सांगताना तिचा आवाज जरा ओला झाला. भावना समजण्यासारखी होती. मात्र ती समितीच्या कार्यकक्षेत बसत नव्हती.

जाहिरातीतल्या पत्त्यावर आम्ही सगळे गेलो. तिसरा मजला, लिफ्ट बंद. अध्यक्षांनी पहिल्याच जिन्यात मत नोंदवलं, "लिफ्ट दुरुस्त करून घेत नाहीत ही माणसं, कॉम्प्युटर काय सांभाळला असेल!"

विकणारा गृहस्थ तिशीचा, बँकेत नोकरीला. दार उघडून पाच माणसं पाहिल्यावर तो दचकला. (अध्यक्षांनी हेही ध्यानात ठेवलं.) आतल्या खोलीत टेबलाखाली ती वस्तू होती. काळी पेटी, एका बाजूला काच, आत निळे-जांभळे दिवे.

"अभ्यासाच्या वस्तूला दिवे नसतात," आत्या म्हणाली.

"आत्या, अभ्यासासाठी नाहीये तो."

"तेच म्हणते मी."

यानंतर तपासणी दोन स्वतंत्र पातळ्यांवर झाली. पुतणीने पेटीचं झाकण काढलं, कामावरचा दातांचा छोटा आरसा आत घातला आणि मागच्या बाजूचे स्क्रू, पंख्यांवरची धूळ, तारांची टोकं असं काय काय पाहिलं. मग एक अवजड खेळ लावून अर्धा तास तसाच चालू ठेवला. आतलं ग्राफिक्स कार्ड किती तापतंय ते ती पडद्यावर वाचत होती. जुना गेमिंग कॉम्प्युटर घ्यावा की नाही हे म्हणे तेवढ्यावर ठरतं: दमवून बघायचं, तापला तर नको, नाही तापला तर नव्याच्या किमतीशी ताडून पाहायचं. इतक्या उथळ पद्धतीबद्दल मी अधिक लिहीत नाही.

समितीची तपासणी मूलगामी होती. अध्यक्षांनी पेटी बोटांनी वाजवून पाहिली आणि "हं" म्हणाले. त्या "हं"चा अर्थ पंपाच्या बाबतीत मला माहीत आहे. कॉम्प्युटरच्या बाबतीत तो त्यांनाही विचारून कळला नाही. जावयांनी पेटी जमिनीपासून थोडी उचलली आणि वजन ठीक असल्याचं सांगितलं. आत्या पाणी मागण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघर पाहून आली. ओट्यावर खरकटी भांडी होती. मग आम्ही मुख्य प्रश्नाकडे वळलो.

"का विकताय?" अध्यक्षांनी विचारलं.

"बाळ होणार आहे आम्हाला. ही खोली बाळाला हवी, आणि मला आता खेळायला वेळ कुठला?"

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी आत्याकडे पाहिलं. इतकं तयार उत्तर!

"बिल आहे?"

त्याने बिल दिलं. वॉरंटीचा कागद दिला. मूळ खोकंसुद्धा माळ्यावरून काढून दाखवलं. झालं! इतकं सगळं जपून कोण ठेवतं? ज्याला एक ना एक दिवस ते लागणार अशी धास्ती असते तोच. कागद नसते तर आम्ही संशय घेतलाच असता, पण कागद असल्यामुळे खात्री झाली.

"घरी जाऊन कळवतो," अध्यक्ष म्हणाले. पुतणी म्हणाली, "मोठे काका, मशीन एकदम छान आहे हो." तिला जिन्यात समजावण्यात आलं की छान आहे हीच तर काळजीची गोष्ट. वस्तू छान असेल तर तो विकणार नाही, आणि विकतोय म्हणजे छान नाही. आपण छान नसलेली वस्तू का घ्यावी? ह्या युक्तिवादात आजवर कुणाला फट सापडलेली नाही. तिलाही सापडली नाही. ती फक्त "माझं पाकीट वर राहिलं" म्हणून परत गेली आणि बऱ्याच वेळाने खाली आली.

त्यानंतर दर रविवारी चहानंतर समितीच्या बैठका सुरू झाल्या. पहिल्या बैठकीत जावयांनी प्रतीक्षेचा सिद्धांत मांडला. कॉम्प्युटर दर वर्षी स्वस्त होतो, त्यामुळे जो थांबतो तो वाचतो. जास्त थांबला तर जास्त वाचतो. पुरेसा थांबला तर लोक फुकट देतात, आणि आणखी थांबला तर न्यायला या म्हणून मागे लागतात. खरेदीची योग्य वेळ तीच. अध्यक्षांनी सिद्धांताचं कौतुक केलं. दुसऱ्या बैठकीत बाळाच्या मुद्द्यावर खल झाला आणि बाळ खरंच होणार आहे का याची चौकशी करावी असं ठरलं. मात्र ती करायची कशी यावर एकमत होईना.

एक गोष्ट आवर्जून नमूद करावीशी वाटते. पुतणीने ह्या काळात विलक्षण समजूतदारपणा दाखवला. कॉम्प्युटरचा विषयच सोडून दिला. कामावरचं सामान म्हणून एक मोठं खोकं तेवढं घरी आणलं, ते उचलायला जावयांनीच मदत केली. (वजन ठीक असल्याचं ते म्हणाले.) तिने खोलीतला दिवाही बदलला, हल्ली तिच्या दाराखालून निळसर जांभळा उजेड येतो, डोळ्यांना बरा वाटतो. दादाशी बोलणं तर किती वाढलं! आमची बैठक दिवाणखान्यात आणि तिचा फोन आत. "दादा, मागे बघ! अरे मागे, मूर्खा!" असं ती ओरडते आणि मग इतकी हसते की आम्हाला दार लोटून घ्यावं लागतं. परवा तर हसता हसता रडल्याचा आवाज आला. आत्याचेही डोळे पाणावले. म्हणाली, "बघा, नको त्या खर्चातून वाचवलं की मुलं कशी एकमेकांना धरून राहतात."

अखेर गेल्या रविवारी एकमताने नकाराचा निर्णय झाला. विकणाऱ्याला ताटकळत ठेवणं बरं नव्हे म्हणून अध्यक्षांनी सर्वांसमक्ष, स्पीकरवर फोन लावला.

"अहो, तो केव्हाच गेला," तो म्हणाला.

"कुणी घेतला?"

तो जरा घुटमळला. "एक मुलगी होती. बरंच कळत होतं तिला."

"आणि घरच्यांनी घेऊ दिला?"

"त्यांना विचारलं नसावं," तो म्हणाला. मागे लहान बाळ रडत होतं. (टीव्ही असावा.)

अध्यक्षांनी फोन ठेवला. "बिचारी," आत्या म्हणाली, "घरात कुणी मोठं माणूस नसेल तिच्या." आतून पुतणीच्या हसण्याचा आवाज आला. आपल्या घरात चार मोठी माणसं आहेत या विचाराने मला भरून आलं.

एकूण, आमचं कामकाज हे असं चालतं. तुम्ही मघापासून हसताय, खुशाल हसा. पण तुमच्या घरातल्या मुलांनी शेवटचं कधी तुम्हाला विचारून काही केलं, ते जरा आठवून बघा. आठवत नसेल तर अभिनंदन, तुमच्याही समितीचं काम उत्तम चाललं आहे.