शिक्केकरी अंताजीपंतांनी दुपारचा चहा सोडिला, त्याची हकिगत

श्रीगजाननाचे आणि चुलीवरील आधणाचे स्मरण करोन लिहितो ऐसीजे. भाद्रपद मासी, एका राज्यात अंताजीपंत म्हणोन शिक्केकरी होते. पंत अबोल, पोथीत रमणारे; परंतु चहाविना त्यांचा डोळा उघडेना, आणि पेल्यावर पेला घेता घेता हात ऐसा कापू लागला की तहनाम्यावर शिक्का तिरपा उमटला आणि शेजारील दरबाराने तो खोटा म्हणोन परत धाडिला. महाराज संतापले. म्हणाले, "पंत, पौर्णिमेस नवा तहनामा. पुन्हा वाकडा उमटला तर शिक्का ठेवा आणि घरी बसा!" मग पंत वैद्यांकडे गेले. वैद्य म्हणाले, "सकाळचा चहा चालू द्या. दुपारी सुस्ती आली की चहा नको, भरभर चालून या. तरतरी आपोआप येईल."

आणि पंत गावातून चालू लागले, तों सरनोबतांनी ओसरीवरून हाक मारिली, "पंत, उन्हाचे कुठे? या, घोटभर घ्या."

"वैद्यांनी वर्ज्य..."

"अहो, वैद्य आताच घेऊन गेले!"

मग पंतांनी घेतला. समोरच्या कोठावळीणबाईंनी ते पाहिले आणि म्हणाल्या, "त्यांचा गोड लागतो आणि आमचा कडू होय?" मग तेथेही घेतला, आणि ऐसा दारोदार मान राखीत पंत घरी आले तों पोथीचे पानही हाती ठरेना. पंतांस स्वतःचाच संताप आला. राज्याचे तह ज्याच्या हातून पक्के होतात त्यास साधे "नको" म्हणवत नाही! मग ते गाव टाळोन मागील टेकडी चढू लागले. तेथे घर नाही, चूल नाही, आग्रह नाही. प्रथम डोके ठणकले, धाप लागली, टेकडीस मनोमन शिव्या दिल्या. मग हळूहळू दुपार जड वाटेना आणि हात स्थिरावला.

पौर्णिमेस दरबार भरला, शेजारील दरबाराचे वकील बसले, शिक्का शाईत भिजला, आणि महाराज प्रसन्न होऊन म्हणाले, "पंत, आधी चहा. आमच्या हातचा." राजाच्या हातचा पेला आजवर कोणी परतविला नव्हता. पंतांचे कान तांबडे झाले.

"महाराज... नको."

"काय म्हणालात?"

"नको. आधी शिक्का." आणि शिक्का सरळ उमटला. वकिलांनी कागद निरखोन मान डोलाविली, आणि महाराज हातातील पेल्याकडे पाहात राहिले आणि मग स्वतःच पिऊन मोकळे झाले.

येणेप्रमाणे तह जाहला, पंतांचा शिक्का राहिला. गावात मात्र पंतांस शिष्टपणा चढला, ऐसी बोलवा आहे. इति.