बसून जाणारे गीरबुवा

मृत्यूपुढे सगळी माणसे सारखी, असे मोठमोठ्या लोकांनी सांगून ठेवले आहे. आमच्या मेडशीच्या गीरबुवांना ते मान्य नाही. त्यांच्या मते माणसे दोन प्रकारची असतात, आडवी जाणारी आणि बसून जाणारी. बुवा गोसावी. त्यांच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात, भोवती मीठ भरतात आणि माती लोटतात.

या बसण्याचा बुवांना फार अभिमान. गावात कुणाचीही प्रेतयात्रा असो, ते जातात, चिता पेटेपर्यंत थांबतात आणि परतताना हळहळतात, "माणूस चांगला होता. पण झोपून गेला बिचारा."

अडचण एकच होती, बुवांचे गुडघे. जन्मभर भाजीच्या वाफ्यांत उकिडवे बसून ते कामातून गेले होते, आणि ज्याचे गुडघे वळत नाहीत त्याला खड्ड्यात बसवणार कसे? म्हणून बुवा रोज सकाळी ओट्यावर मांडी घालून सराव करू लागले. कपाळावर भस्म, ओठ आवळलेले, दुखण्याने डोळे मिटलेले. रस्त्याने जाणारे एक कुटुंब एकदा थांबले, पाया पडले आणि समोर केळी ठेवून गेले. बुवांनी ती खाल्ली.

वाशीमच्या डॉक्टरांनी सांधा बदलायला सांगितला. भरपूर चालता येईल म्हणाले, फक्त पुढे मांडी घालायची नाही. बुवा उठलेच. "चालाचं काय काम हाये मले? नेतीन ते चार जण. बसाचं तं मलेच हाये."

त्यांच्या पत्नी गंगाबाई काही वर्षांपूर्वी वारल्या. त्यांना घरच्याच शेतात, मेथीच्या वाफ्याशेजारी बसवले. त्यांच्या बाजूची जागा बुवांनी स्वतःसाठी राखून ठेवली. तिथे ते कोथिंबीरसुद्धा टाकत नाहीत. माझे शेत बांधाला लागून आहे, त्यामुळे संध्याकाळचे ऐकू येते. बाजारातून आले की बुवा तिथे उभे राहून बाईंना दिवसाचे भाव सांगतात. वांगी पडली असली की आवाज जरा हळू असतो.

मग गाव वाढत वाढत त्यांच्या बांधापर्यंत आले. प्लॉट पडले, घरे झाली, घरोघरी बोअर झाले. ग्रामसभेत ठराव झाला की यापुढे जाळणे-पुरणे जे काही असेल ते नव्या स्मशानभूमीतच. पुरणाऱ्यांसाठी तिथे वेगळा कोपरा. त्या स्मशानभूमीचे उद्घाटन रीतसर फीत कापून झाले होते. सर्व नागरिकांनी या सुविधेचा लाभ घ्यावा, अशी प्रमुख पाहुण्यांनी विनंती केली होती, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

पुढच्या ग्रामसभेत बुवा उभे राहिले. त्यांना बायकोशेजारची जागा हवी होती. सरपंचबाई लहानपणापासून त्यांच्याच मेथीवर वाढलेल्या. त्यांना नाही म्हणणे जड जात होते. जवळ पुरले तर बोअरचे पाणी कसे खराब होते, ते त्यांनी नीट समजावून सांगितले. बुवांनी मान डोलावली. पोराबाळांच्या पाण्याचा प्रश्न त्यांनाही कळत होता. तेवढ्यात मागून कुणीतरी सुचवले, की मग गंगाबाईंनाच नव्या जागी हलवावे, म्हणजे दोघे एकत्र राहतील.

"तिले कायले उठवता?" बुवा म्हणाले. "बसली हाये ते निवांत."

बुवा मात्र खाली बसले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, राख शेतात टाकता येते का. हल्ली बरेच जण तसे करतात. नदीवर जाण्याऐवजी शेतातच खड्डा घेतात, राख टाकतात, वर झाड लावतात. सरपंचबाईंनी ग्रामसेवकाकडे पाहिले. राखेला मनाई नव्हती.

"मंग मले जाळा," बुवा म्हणाले. "आडवा जातो मी. राख तेवढी तिच्याजोळ टाकजा."

ग्रामसेवकाने घसा खाकरून पुढचा विषय वाचला. तो मोकाट डुकरांचा होता.