लहान पाकीट मोठ्या पाकिटात

लोकशाहीत प्रत्येक मताला किंमत असते. टपालाने येणाऱ्या मताला तर त्याशिवाय दोन पाकिटं, एक घोषणापत्र आणि एक साक्षीदारही असतो. त्यामुळे टपाली मत अधिक थोर, यात वाद नाही.

मी टपाली मतदान कक्षात वरिष्ठ लिपिक आहे. आमची पद्धत अतिशय सोपी आहे. मतदाराने आधी अर्जाचा नमुना मिळावा म्हणून अर्ज करावा. मग अर्ज करावा. मतपत्रिका आली की तिच्यावर खूण करून ती लहान पाकिटात घालावी, लहान पाकीट मोठ्या पाकिटात घालावं, आणि घोषणापत्र लहान पाकिटाच्या बाहेर पण मोठ्याच्या आत ठेवावं. सोबत एकतीस कलमांचं सूचनापत्रक असतं. एकोणिसाव्या कलमाचा खुलासा सातव्यात आणि सातव्याचा एकोणिसाव्यात आहे, म्हणजे मतदाराला इकडेतिकडे शोधत फिरायला नको.

गेल्या खेपेला आमच्याकडे पाचशे बारा पाकिटं आली. पाचशे चार बाद झाली. उरलेली आठ आमच्याच खात्यातल्या प्रशिक्षित माणसांची होती (फेरतपासणीत त्यांतलीही तीन गेली). या काटेकोरपणाबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं. ते आमच्या बैठकीच्या खोलीत लावलेलं आहे. जरा तिरकं आहे, पण खिळा सरकारी नाही, घरचा आहे.

यंदा आमच्याच घरात एक टपाली मतदार निघाला. माझे सासरे, म्हणजे अप्पा, आमच्याकडेच असतात. चाळीस वर्षं ते टपाल कचेरीत सॉर्टर होते, आलेली पत्रं गल्लीवार लावायचे. अर्धवट पत्त्याचं पत्र परत पाठवणं म्हणजे त्यांच्या मते कामचुकारपणा. 'विहिरीजवळच्या तोतऱ्या शिंप्यास' एवढ्यावर त्यांनी पत्र पोचवलेलं आहे. आजवर त्यांचं एकही मतदान चुकलं नव्हतं. यंदा न्हाणीघरात पाय घसरून मांडीचं हाड मोडलं आणि ते खिडकीशी खाटेवर पडून राहिले. खिडकीसमोर शाळा, शाळेत मतदान केंद्र. अंतर चाळीस पावलं.

"खुर्चीत बसवून चौघं उचलून नेऊ की," माझी बायको म्हणाली.

पण अप्पांचा टपाली अर्ज मंजूर झाला होता. एकदा तो मंजूर झाला की मतदार केंद्रावर जाऊ शकत नाही, चाळीस पावलांवरच्या तर नाहीच.

"असू दे गं," अप्पा म्हणाले. "टपालानंच पाठवू. टपालाचं मला नको शिकवूस. पुढच्या निवडणुकीला मी असेन नसेन, हे एवढं मत नीट पोचलं म्हणजे झालं."

त्यांनी चार दिवस सूचनापत्रक वाचलं. पाचव्या दिवशी शेजारच्या मुख्याध्यापकांना साक्षीला बोलावलं, घोषणापत्रावर त्यांची सही घेतली, आणि ते चहा न घेता गेल्यावर मतपत्रिकेवर खूण केली. मी समोरच होतो, पण मतदाराला मदत करायला आमच्या खात्याच्या माणसाला सक्त मनाई आहे. अप्पांनी लहान पाकीट चिकटवलं. मग सवयीने ते उलटं करून, डाव्या कोपऱ्यात, वळणदार अक्षरात पाठवणाऱ्याचं पूर्ण नाव आणि पत्ता लिहिला. ज्या पत्रावर पाठवणाऱ्याचा पत्ता नाही ते पत्र बेवारस, हा त्यांचा चाळीस वर्षांचा धडा.

लहान पाकिटावर टाचणीच्या टोकाएवढी जरी खूण असली तरी मताची गुप्तता भंगते आणि मत बाद होतं. कलम सात. (पाहा: कलम एकोणीस.)

अप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बरोबर आहे ना हो, जावईबापू?"

मी म्हणालो, चहा छान झालाय.

छाननीच्या दिवशी ते पाकीट माझ्याच टेबलावर आलं. अक्षर ओळखीचं होतं, पण ओळख दाखवणं नियमात बसत नाही. मी लाल पेनाने 'बाद' लिहिलं. मला फार वाईट वाटलं. (ही नोंद कार्यालयीन नाही.)

आठवड्याने बाद झाल्याची चिठ्ठी जोडून ते पाकीट घरी परत आलं. अप्पांनी ते उजेडात धरून दोनदा उलटसुलट केलं. "पत्ता नसलेली पत्रंसुद्धा मी पोचवली हो," ते म्हणाले. "आणि माझं पत्त्यासकट परत आलं?"

बायकोने विचारलं, "अहो, लिहिताना तुम्ही समोरच होतात ना?" त्यानंतर आमच्याकडे चहा होतो, पण माझ्यापुढे येत नाही.

अप्पा मात्र रिकामे बसणारे नव्हेत. मतदानाच्या दिवशी ते सकाळपासून खिडकीत वही घेऊन बसले होते. गल्लीतलं प्रत्येक घर त्यांना तोंडपाठ. तीनशे चाळीस मतदार, त्यांतले एकशे एकोणीस शाळेत शिरले. उरलेल्यांतून त्यांनी स्वतःला वगळलं आणि दोनशे वीस पोस्टकार्डं मागवली. प्रत्येकावर एकच मजकूर: 'मतदानाला दिसला नाहीत. पाय मोडला का? कळवावे.' डाव्या कोपऱ्यात पाठवणाऱ्याचा पत्ता.

पहिलं कार्ड मला मिळालं. निवडणुकीच्या कामावरच्या माणसाने टपालाने मत द्यायचं असतं. त्या अर्जाचा माझा नमुना अजून खणात कोरा पडून आहे. एकतीस कलमं कोण वाचणार?

बाकीची कार्डं मी स्वतः पेटीत टाकली. टाकताना पत्ते वाचले. वाचायचे नसतात, पण वाचले. एक तुमचं आहे. तुम्ही त्या दिवशी सव्वादहाला हातात पिशवी घेऊन शाळेच्या फाटकावरून गेलात, आतली रांग पाहिलीत आणि पुढे गेलात, असं वहीत आहे. रांगेत तिघं होते.

अप्पा उत्तराची वाट पाहताहेत. त्याला साक्षीदार लागत नाही, घोषणापत्र लागत नाही, पाकीटही लागत नाही. पाय कोणता मोडला होता, एवढं लिहिलंत तरी पुरे.