वाल्मिक मास्तरांचं न ठरणारं कुंपण

वाल्मिक मास्तरांच्या अंगणातला सुरती पापडीचा वेल एका मोकाट गायीने मुळासकट खाल्ला, आणि मास्तर ओट्यावर बसून ते नुसते पाहत राहिले. उठून तिला हाकलावं असं त्यांच्या मनातच आलं नाही. वेल त्यांच्या पत्नीने, सरलाबाईंनी लावलेला होता. सरलाबाई गेल्या हिवाळ्यात गेल्या, तेव्हापासून मास्तरांचं लक्ष कशातच लागत नव्हतं. गाय तृप्त होऊन निघून गेली तेव्हा कुठे त्यांना गलबलून आलं. नेमका त्याच वेळी मुलीचा फोन आला आणि ते सगळं बोलून बसले.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. पलसाण्याच्या एका मिलमध्ये त्यांनी उभी हयात कापड रंगवण्यात घालवली होती, आणि रंगखात्याच्या प्रमुखाला सुरतेत मास्तरच म्हणतात. आता रिटायर होऊन ते पर्वत पाटियाच्या रो-हाउसमध्ये एकटेच राहत होते.

"पप्पा, कंपाउंडला रेलिंग बसवून घ्या," गायत्री नाशिकहून म्हणाली. "आज गाय आली, उद्या चोर येईल. ॲल्युमिनियमचं बसवायचं का लोखंडाचं, तेवढं कुणाला तरी विचारून घ्या."

या 'कुणाला तरी विचारून घ्या'तच सगळी गोम होती. खानदेशातून सुरतेत आलेल्या मंडळींत सल्ला विचारणं ही सोपी गोष्ट नसते. ज्याला विचारलं त्याचा तो मान असतो. त्याचं ऐकलं नाही तर अपमान होतो, आणि ज्याला विचारलंच नाही त्याचा तर आधीच झालेला असतो. मास्तरांना हे ठाऊक होतं, पण सरलाबाई गेल्यापासून त्यांची सावधगिरीही गेली होती. त्यांनी सकाळी शेजारच्या सुपडूभाऊंना विचारलं, आणि संध्याकाळी कोपऱ्यावरच्या अभिजीतलाही विचारलं.

सुपडूभाऊ लूम्सच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. ते तडक येऊन ओट्यावर बसले.

"लोखंड ते लोखंड, मास्तर. ॲल्युमिनियमना डबा करतस, कुंपन नही."

अभिजीत बँकेत होता आणि बँकेतल्यासारखंच बोलायचा. "काका, समुद्राची हवा आहे इथली. लोखंड गंजणार. दर दिवाळीला खरवडा, रंग द्या. त्यापेक्षा ॲल्युमिनियम. मेंटेनन्स झीरो."

मास्तरांनी भिडेपोटी दोघांनाही सांगितलं, "तुमचं पटतंय मला."

झालं. दुसऱ्या दिवशी दोघेही एकाच वेळी आले, आपलं का पटलं हे एकमेकांना सांगायला. मास्तरांनी चहा टाकला. आवाज ऐकून समोरचे लोटूभाऊ आले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं म्हणून ते थोडे घुश्शात होते, त्यामुळे त्यांनी दोन्ही धातूंना नावं ठेवली आणि भिंतच बांधा म्हणाले. मग लोटूभाऊंचे व्याही आले, व्याह्यांच्या ओळखीचा फॅब्रिकेशनवाला धनसुखभाई आला, आणि दोन्ही प्रकारांची एकेक जाळी नमुना म्हणून अंगणात ठेवून गेला.

त्यानंतर तर मास्तरांच्या अंगणात बाजारच भरू लागला. येणारा-जाणारा थांबायचा, दोन्ही जाळ्या ठोकून बघायचा, ओट्यावर टेकायचा. मास्तर दूध जास्त घेऊ लागले. बऱ्याच महिन्यांनी त्यांनी दाढी वेळेवर केली. सरलाबाई गेल्या तेव्हा माणसं बसायला यायची, पण ती तेराव्यापर्यंतच. त्यानंतर प्रत्येकजण आपापल्या कामाला लागला, आणि त्यात कोणाचं चुकलं असं मास्तरांनाही म्हणता आलं नसतं. एकट्या माणसाकडे रोज कोणत्या कारणाने जायचं, हा लोकांपुढेही प्रश्नच असतो. आता कारण अंगणात उभं होतं.

"पप्पा, ठरलं का?" गायत्री फोनवर विचारायची.

"चर्चा चालू आहे," मास्तर म्हणायचे, आणि संध्याकाळी लोखंडाकडे कल झुकू लागला की हळूच म्हणायचे, "पण गंजाचं काय?" ॲल्युमिनियम पुढे सरकलं की म्हणायचे, "पण मजबुतीचं काय?" आयुष्यभर रंगाचा हौद ढवळलेला माणूस होता तो. ढवळणं थांबलं की रंग तळाशी बसतो, एवढं त्यांना कळत होतं.

पण सगळेच काही मजा म्हणून बोलत नव्हते. अभिजीतने एका रविवारी लोखंडाच्या जाळीवर मिठाचं पाणी शिंपडून ठेवलं आणि ती लालसर झाल्यावर सगळ्यांना बोलावून दाखवली. सुपडूभाऊंच्या ते फार जिव्हारी लागलं. त्यांनी ॲल्युमिनियमची जाळी विटांवर आडवी ठेवली, धोतराचा काचा मारला आणि म्हणाले, "आते देखा. मी उभा ऱ्हायना का हाई वाकनं."

"सुपडूभाऊ, राहू द्या ना," मास्तर काकुळतीला येऊन म्हणाले.

सुपडूभाऊ चढले. जाळी वाकली नाही. ती विटांवरून घसरली, आणि सुपडूभाऊ घोट्यात पाय मुरगळून आडवे झाले. चौघांनी उचलून त्यांना घरी नेलं. जाताना ते मास्तरांकडे न बघता म्हणाले, "तुना मनमा आधीपासूनच ॲल्युमिनियम व्हतं."

लोखंडाची बाजू मांडायला आता कोणी उरलं नाही. त्याच आठवड्यात गायत्री आली. अंगणातल्या विटा, मिठाचं पाणी, कपबश्यांचा ढीग आणि अपराधी चेहऱ्याने बसलेले वडील बघून तिने धनसुखभाईला फोन लावला. दुसऱ्या दिवशी अंगणाभोवती ॲल्युमिनियमचं झकास कुंपण उभं राहिलं.

"काका, आ तो लाइफटाइम छे," धनसुखभाई हात झटकत म्हणाला. "रंग नहीं, काट नहीं. एनी सामे जोवानुं पण नहीं."

रंग नको, गंज नाही, याच्याकडे बघायचीसुद्धा गरज नाही, असं तो कौतुकाने सांगत होता. मास्तरांनी रिकाम्या ओट्याकडे पाहिलं.

गायत्री परत गेली. मास्तरांनी सवयीने जास्तीचं दूध घेतलं, ते नासलं. रस्त्याने जाणारे कुंपणाकडे बघून "छान झालं हं" म्हणायचे आणि चालू लागायचे. लोखंड असतं तर निदान गंजलं असतं. पॉलिशपेपर कुठला आणायचा, रंग काळा द्यायचा का चॉकलेटी, यावर कोणीतरी येऊन भांडलं असतं. आपण सगळ्यांत शहाणा सल्ला मानला आणि स्वतःचं वाटोळं करून घेतलं, असं मास्तरांना स्वच्छ दिसलं. त्यातून सुपडूभाऊ दुखावलेले. त्यांच्या घरी जायचं कोणत्या तोंडाने?

तरी एका संध्याकाळी ते गेलेच. रुसलेल्या माणसाच्या घरी निदान माणूस तरी असतो.

दारात चपलांचा खच पडला होता. आत सुपडूभाऊ खाटेवर उशांच्या ढिगावर पाय ठेवून बसले होते, आणि भोवती सगळी मंडळी होती. अभिजीत होता, लोटूभाऊ होते, लोटूभाऊंचे व्याहीसुद्धा होते. सुपडूभाऊंच्या पत्नी भागीरथीवहिनी कपबश्या फिरवत होत्या.

"एक्स-रे काढा, प्लास्टर घाला, विषय संपवा," अभिजीत सांगत होता.

"प्लास्टरने पाय आखडतो," लोटूभाऊ म्हणाले. "कतारगामला हाडवैद्य आहे, एका झटक्यात बसवतो."

"झटक्यात तोडेल."

सुपडूभाऊ डोळे मिटून दोन्हीकडचं ऐकत होते. "दोन्ही पटस मले," ते क्षीण आवाजात म्हणाले.

मास्तर कोपऱ्यात बसले. त्यांच्याशी कोणी बोललं नाही. काळोख पडू लागला तशी मंडळी उद्या पुन्हा येतो म्हणून उठली, आणि भागीरथीवहिनी त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेल्या. खोलीत दोघेच उरले. पंख्याचा वारा बोचत होता. सुपडूभाऊ उशांवरचा पाय खाली घेऊन खाटेवरून उठले, ताठ चालत बटनापर्यंत गेले, पंखा हळू केला आणि तसेच ताठ परतले. पाय पुन्हा उशांवर ठेवला. मगच त्यांना कोपऱ्यातले मास्तर दिसले.

सुपडूभाऊंचा चेहरा चोरी पकडलेल्या पोरासारखा झाला होता. मास्तरांना एकदम भरून आलं. या भरल्या घरातल्या माणसालाही माणसांची इतकी भूक असेल, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

तेवढ्यात भागीरथीवहिनी आत आल्या. "मास्तर, तुम्हीच सांगा आता. प्लास्टर का हाडवैद्य?"

मास्तरांनी पुढे होऊन तो धडधाकट घोटा दोन्ही बाजूंनी निरखला, हलकेच दाबला. सुपडूभाऊ नीट कण्हले.

"अवघड आहे, वहिनी," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "घाई नको. मी सकाळी येतो, मग बघू."