डोंगराकडे हळू बोलावे

"बाबा, डोंगराकडच्या दुकानदारांशी तुम्ही नक्की कसं बोलायचात?" सूनबाईने विचारले आणि सासऱ्यांच्या हातातले वर्तमानपत्र अलगद खाली आले. निवृत्त झाल्यापासून हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ते वाट बघत होते.

बिजागऱ्यांचा हा घरचा कारखाना. उमेदीच्या काळात सासरे माल विकायला गावोगाव हिंडले होते. नमुना म्हणून त्यांच्या काखेत चौकटीसकट हातभर उंचीचे एक लाकडी दार असे. ते दुकानाच्या फळीवर ठेवायचे आणि उघडझाप करून दाखवायची. त्यावरून सगळीकडे त्यांचे नाव 'दारवाले' पडले. आता विक्री सूनबाई बघत होती. मोठ्या कंपन्यांच्या स्वस्त मालापुढे कारखान्याला धाप लागली होती, आणि नवी गिऱ्हाइके मिळाली नाहीत तर निम्मी जागा भाड्याने देऊन टाकू, असे मुलगा रोज जेवताना म्हणू लागला होता.

"सगळीकडे एकच जाहिरात पाठवली की कुणी ढुंकून बघत नाही," सूनबाई म्हणाली. "ज्या भागाची जी तऱ्हा, तसं बोलायचं. तुमच्या आवाजात. मी मोबाईलवर रेकॉर्ड करते आणि त्या त्या भागातल्या दुकानदारांना पाठवते."

दारवाल्यांनी खुर्ची पुढे ओढली. "हे बघ, समुद्राकडच्या माणसाला गंजाची धास्ती. तिथे आधी गंजाला शिव्या घालायच्या, मग बिजागरी काढायची. सपाटीवरची माणसं रोखठोक. तिथे गोड बोललं की त्यांना माल खोटा वाटतो. पायरी चढल्याबरोबर भांडण काढायचं."

"आणि डोंगराकडे?"

दारवाल्यांचा चेहरा निवळला. "ती माणसं म्हणजे सोनं गं. पण भारी संथ. एक शब्द टाकतील, तुझ्याकडे बघतील, मग दुसरा टाकतील. मला हे पहिल्याच फेरीत उमगलं. मीही तसाच बोलायला लागलो. म्हणून तर तिथे दुसऱ्या कुणाची बिजागरी शिरली नाही."

मग तिन्ही भागांचे रेकॉर्डिंग झाले. समुद्रासाठी दारवाल्यांनी खोकला येईपर्यंत गंजाचा उद्धार केला. सपाटीसाठी आवाज चढवून म्हणाले, "काय हो, तुमच्या दुकानाचं दार उघडलं की निम्मं गाव दचकतं, ऐकू येत नाही का? स्वतःच्या दाराला धड बिजागरी नाही आणि लोकांना काय विकता?" डोंगरासाठी मात्र ते इतके सावकाश बोलले, की फोन अडकला असे वाटून सूनबाईने तो मध्येच हलवून पाहिला.

दुसऱ्या दिवशी तिने सगळे पाठवले. पाठवताना नवऱ्याने आतून टेम्पोची किल्ली कुठे आहे म्हणून हाक मारली, तिचे लक्ष उडाले, आणि डोंगराचे बोलणे सपाटीवर व सपाटीचे भांडण डोंगरावर गेले.

सपाटीवरून आधी उत्तरे आली. एकाने विचारले, "तुमच्या फोनची बॅटरी गेलीय का?" दुसऱ्याने जरा काळजीने लिहिले, "म्हाताऱ्यांना डॉक्टरला दाखवलंत ना?" तेव्हा कुठे घोटाळा ध्यानात आला. डोंगराकडून मात्र चकार शब्द नाही. संध्याकाळी तिथल्या सगळ्यात जुन्या दुकानातून मालकाच्या मुलीचा फोन आला. "आमच्या बाबांना दारवाले काकांना भेटायचंय. पाठवून द्या," एवढे बोलून तिने फोन ठेवला.

"झालं," मुलगा म्हणाला. "उरलंसुरलं गिऱ्हाईकही गेलं."

"मी जातो माफी मागायला," दारवाले म्हणाले. "माझी माणसं आहेत ती."

सूनबाई चूक आपली म्हणून सोबत निघाली. बसमध्ये दारवाले खिडकीशी बसले. एकेक वळण ओळखीचे निघत होते. इथे एकदा बस बंद पडली होती आणि सगळ्या उतारूंनी त्यांच्या काखेतल्या इवल्या दाराची उघडझाप करून वेळ घालवला होता. पुढे ते दुकान, दुकानातले बाकडे, आणि एका ऑर्डरला अख्खी दुपार घेणारे मालकाचे नि त्यांचे ते बोलणे. आयुष्यात इतक्या निवांतपणे त्यांच्याशी दुसरे कुणी बोलले नव्हते. बायकोसुद्धा नाही.

दुकान तसेच होते. मुलगी गल्ल्यावर होती आणि म्हातारे दुकानदार आत खुर्चीत बसले होते. दारवाल्यांनी हात जोडले. "मी... माफी... मागायला... आलोय."

म्हाताऱ्यांचा चेहरा पडला. ते मुलीकडे वळले आणि भरभर म्हणाले, "अगं, हे तर परत तसंच बोलायला लागले. मेसेजमध्ये कसे फाडफाड बोलत होते. मला वाटलं, बरे झाले एकदाचे."

दारवाल्यांना वाटले, आपण चुकीच्या दुकानात शिरलो. "तुम्ही एवढ्या भरभर बोलता?" त्यांच्या तोंडून एका दमात निघून गेले.

आता म्हातारे चमकले. "म्हणजे तुम्हाला बोलता येतं?"

"येतं म्हणजे काय? तुम्ही हळू बोलता म्हणून मी हळू बोलायचो."

"अहो, आम्ही तुमच्यासाठी हळू बोलायचो. पहिल्यांदा आलात तेव्हा घाट पायी चढून तुम्हाला एवढा दम लागला होता, की शब्द फुटत नव्हता. मला वाटलं, जिभेचं काही दुखणं असेल. विचारणार कसं? मी अख्ख्या पेठेला सांगून ठेवलं, दारवाले आले की सावकाश बोला, बिचाऱ्यांना अवघड वाटायला नको."

दारवाले मटकन बाकड्यावर बसले. जन्मभर जे कसब म्हणून मिरवले, ते त्यांच्या डोळ्यांदेखत कोलमडून पडले. त्यांनी हळूच विचारले, "म्हणजे माल दया म्हणून घेत होतात?"

"पहिल्या खेपेला दया केली," म्हातारे म्हणाले. "नंतर बिजागऱ्या चांगल्या निघाल्या. पण तुमचा छळ फार व्हायचा हो. एवढं हळू बोलणं सोपं नसतं. तुमची बस हलली की मी तासभर घरातल्यांवर ओरडून जीभ मोकळी करायचो."

दारवाल्यांना हसू आवरेना. ते पाहून म्हातारेही हसू लागले, आणि मग दोघांनी जी सुरुवात केली ती थांबेचना. कोण गेले, कोण आहे, कुणाची मुले कुठे पांगली, कुणाचे गुडघे कसे आहेत. एकाचे वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचे सुरू होत होते. इतक्या वर्षांचे साठलेले बोलणे दोघे एका दुपारीत उरकायला बघत होते. मधेच म्हाताऱ्यांनी मुलीला सांगितले, "यांची नेहमीची ऑर्डर लिही, आणि आपल्या दाराच्या जास्तीच्या लिही. खरंच करकरतंय ते."

सूनबाई आल्यापासून गल्ल्याशी अवघडून उभी होती. शरमेने तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. आता उन्हे उतरली तसे तिने घसा खाकरून, अडखळत विचारले, "शेवटची... बस...?"

मुलीने तिच्याकडे मायेने पाहिले. हातांनी स्टिअरिंग फिरवल्यासारखे केले आणि एकेक शब्द सुटा करीत म्हणाली, "बस... अजून... आहे. घाई... नको."

सूनबाईने एकदा सासऱ्यांकडे पाहिले. मग तितक्याच सावकाश मान हलवून म्हणाली, "ब... रं."

दारवाल्यांच्या ते कानावर पडले. खुलासा करायला त्यांनी तोंडही उघडले होते. पण पुढच्या ऑर्डरी आता तिलाच आणायच्या होत्या. ते म्हाताऱ्यांकडे वळले आणि गुडघ्यांचा विषय पुढे चालू केला.